अनुभव धागा: डिझेल परवडेना म्हणून पिकअप विकताना

धागाकर्ती: शिवारवाट

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. पुढे कर कमी झाले, दर नव्वदीच्या आसपास आले. भाडं मात्र डिझेलच्या बरोबरीने कधीच चढलं नाही. काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेली, दर दसऱ्याला हार घातलेली पिकअप ठेवायची की काढायची, हा प्रश्न आता घरोघरी आहे. या धंद्यात असलेल्यांनी आणि गाडी काढून मोकळे झालेल्यांनी लिहावं. जीव जडलेला असतोच, ते धरून चालू. आकडे, कागद आणि पार्ट यांवर लिहा. तुलनेसाठी सगळ्यांनी डिझेल ९० रुपये लिटर धरा.

क्रेटवाला (जुन्नर)

पंपावरचा दर बघून गाडी विकायला काढू नका. हिशोब फेरीचा करा, आणि तोही रिकाम्या परतीसकट.

बोलेरो पिकअप, १.३ टनवाली. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशी, जाऊन-येऊन ३०० किमी धरा. भरलेली ११-१२ चा अ‍ॅव्हरेज देते, मोकळी १४-१५. मिळून साडेबारा धरला तर २४ लिटर, म्हणजे २,१६० रुपये. साधारण २१ किलोचे ६० क्रेट भरले तर क्रेटमागे ३६ रुपये नुसतं डिझेल. तीच गाडी ३५ क्रेट घेऊन गेली तर डिझेल फार तर दोन लिटरने कमी लागतं, पण क्रेटमागे खर्च ५६-५७ वर जातो. टोल, वाराई (माल उतरवण्याची हमाली), ड्रायव्हरचा भत्ता वेगळा.

म्हणजे गाडी खाते ती अर्ध्या भरतीमुळे. शेजारच्या दोघातिघांचा माल एकत्र भरून हौदा फुल होत असेल तर आजच्या दरातही ती परवडते. होत नसेल तर क्रेटवर भाडं घेणाऱ्या गाडीत माल टाका. परतीला पशुखाद्य, खतं, किराणा, जे मिळेल ते भाडं धरा. अर्ध्या भाड्यातही परतीचं डिझेल निघतं.

दुसरा खर्च उभ्या गाडीचा. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात ७,५०० किलो जीव्हीडब्ल्यूपर्यंत (गाडी आणि माल मिळून वजन) १६ हजारांच्या वर आहे, जीएसटी वेगळा. वर्षाला ४०,००० किमी पळणाऱ्या गाडीला तो किमीमागे ४० पैसे पडतो. १२,००० पळणारीला १ रुपया ३३ पैसे. त्यात पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), ८ वर्षांनंतरचा पर्यावरण कर, बॅटरी आणि पळो न पळो म्हातारे होणारे टायर. कमी पळणारी गाडी डिझेलच्या आधी इथेच बुडते.

पाना नंबर चौदा

विकायच्या आधी अ‍ॅव्हरेज खरोखर किती आहे ते तरी बघा. मीटरवरचा आकडा नको. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा ‘टक’ करून बंद झाला की थांबा, वर थेंबभर नको. दोन-तीनशे किमी चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या टकपर्यंत भरा. किमी भागिले लिटर.

नेहमीपेक्षा दोन-तीनने कमी येत असेल तर या क्रमाने बघा:

- टायरची हवा. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, गार टायरला.
- ब्रेक धरतो का. चारही चाकं एकेक करून जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल, हॅण्डब्रेक सोडलेला, हाताने फिरवा. मागची दोन फिरवताना डिफरन्शियलचा थोडा जोर लागतो, तो धरा. चालवून आल्यावर एक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर तिथे लायनर घासतंय किंवा बेअरिंग गेलंय.
- थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रोखणारा व्हॉल्व्ह. गाडी तापायला लागली की काही मेस्त्री तो काढूनच टाकतात. मग इंजिन कायम गार पळतं आणि डिझेल जास्त पितं. तापमानाचा काटा अर्ध्यावर येत नसेल तर हाउसिंग उघडून आत व्हॉल्व्ह आहे का ते आधी बघा. हा दोष मला सगळ्यात जास्त चिडवतो, कारण तो आजार नाही, केलेला उपद्व्याप आहे.
- टर्बोचे होज. चढाला काळा धूर आणि जोडाभोवती तेलकट ओल असेल तर हवा तिथून निसटते. क्लॅम्प आवळा, होज चिरला असेल तर बदला.
- इंजेक्टर. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल) उरलेलं डिझेल परत नेणारे चारही रिटर्न पाइप वेगवेगळ्या सारख्या बाटल्यांत सोडा, काही मिनिटं इंजिन चालू ठेवा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा जास्त भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. चारही सरसकट बदलायला सांगणाऱ्याकडून आधी या बाटल्या दाखवून घ्या.
- क्लच. चौथ्या गिअरमध्ये चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय.

हे सगळं ठीक असूनही अ‍ॅव्हरेज मिळत नसेल तर हौद्यावरची उंच जाळी आणि फडफडणारी ताडपत्री बघा. मोकळ्या परतीत त्यांचा वारा धरण्याचा खर्च दिसतो. जाळी नटबोल्टवर काढता-घालता येईल अशी करून घ्या.

हळदुल्या

मोठी विकून छोटी सीएनजी घेतली तर?

क्रेटवाला (जुन्नर)

माल किती त्यावर आहे, हळदुल्याभाऊ. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोलमध्ये ७४० किलो नेते, सीएनजीत ६२५. सिलिंडरचं वजन पेलोडमधून, म्हणजे मालाच्या वजनातून जातं. सीएनजी ८५ रुपये किलो आणि भरलेल्या गाडीला किलोमागे १८ किमी धरले तर किमीला ४ रुपये ७० पैसे. पिकअपचे ७ रुपये २० पैसे. स्वस्त वाटतं ना? आता टनाने भागा. पिकअप टनामागे किमीला साडेपाच, छोटी साडेसात. पूर्ण भरतीला मोठी गाडीच स्वस्त. रोजचा माल ५००-६०० किलोच्या आत असेल तरच छोटी घ्या.

पाना नंबर चौदा

आणि डिझेल गाडीलाच सीएनजी किट बसवू म्हणणाऱ्यांसाठी: नको. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर पेटतं, त्यात स्पार्क प्लगच नाही. हेड, पिस्टन, इग्निशन सगळं बदलावं लागतं, वर आरसीवर इंधनाची नोंद वेगळी. कंपनीतूनच आलेली सीएनजी गाडी घ्या.

सिलिंडर ‘६० लिटरचा’ म्हणतात ते त्यात किती पाणी मावेल त्याचं माप. २०० बारला त्यात गॅस जेमतेम ९-१० किलो बसतो. पंपावर दाब कमी असला तर तेवढाही नाही, म्हणून रांग मोठी असताना भरलेला गॅस लवकर संपतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी; तारखेची प्लेट बघूनच जुनी गाडी घ्या. घाटात सीएनजीला दम कमी, हेही धरून चाला.

वीजमीटर (नाशिक)

शहरातल्या शहरात, ठरलेल्या वाटेवर फिरणाऱ्यांनी इलेक्ट्रिकचा हिशोब करावा. टाटा एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली, बॅटरी २१.३ किलोवॅट-तास, कागदावर १५४ किमी. मालासकट १०० धरा. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर २४ युनिट पडतात; १० रुपये युनिटने २४० रुपये, म्हणजे किमीला २ रुपये ४० पैसे. १५ अँपियरच्या सॉकेटवर पूर्ण चार्जला सात-आठ तास.

चुका होतात त्या सॉकेटवर. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं; एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर एवढा करंट ओढला की प्लग वितळतो. शेतीपंपाच्या जोडणीवर चार्ज करू नका, तो विजेचा गैरवापर धरला जातो. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, ही एक कटकट कमी. पण माळशेज-वाशी फेरीला ही गाडी नाही.

आरटीओच्या खिडकीपाशी

गाडी विकताना लोक किमतीवर तासभर घासाघीस करतात आणि कागदावर पाच मिनिटं. उलट करा.

कर्ज होतं तर आधी एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) काढा. फायनान्सवाल्याची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५. एनओसीला मुदत असते, सहसा तीन महिने. कपाटात ठेवून दिली की पुन्हा फेऱ्या. मग फॉर्म २९ (विक्रीची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (ट्रान्सफरचा अर्ज). घेणारा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला किंवा परराज्यातला असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. ई-चलान भरलेली हवीत, पासिंग, पीयूसी आणि विमा चालू हवा. जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोच्या वर असेल आणि परमिट असेल तर त्याचंही बघा.

एजंटाला कोऱ्या २९-३० वर सह्या देऊन गाडी सोडणं, हा सगळ्यात महागडा प्रकार. गाडी तीन हातांतून फिरते, नाव तुमचंच राहतं. अपघात झाला तर नुकसानभरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरा. ताबा दिल्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. विक्रीची सूचना १४ दिवसांत तुम्ही द्यायची, ट्रान्सफरचा अर्ज ३० दिवसांत घेणाऱ्याने करायचा. आरसीवर नाव बदललेलं परिवहन पोर्टलवर स्वतः बघेपर्यंत घेणाऱ्याची थोडी रक्कम अनामत म्हणून तुमच्याकडे अडकलेली बरी. घाई त्याला वाटली पाहिजे.

सांगोलेकर, ह्यूस्टन

इकडचं थोडक्यात. जून २०२२ मध्ये अमेरिकेत पेट्रोलची सरासरी गॅलनला ५ डॉलरवर गेली तेव्हा इकडेही मोठ्या पिकअप विकायला निघाल्या. १६ एमपीजीवरून (गॅलनला मैल) ३० वर गेलात तर वर्षाच्या १२,००० मैलांना ७५० ऐवजी ४०० गॅलन लागतात. ३० वरून ४० वर गेलात तर वाचतात फक्त १००. म्हणून हायब्रिडच हवी असा हट्ट नको.

प्लायवूड, माती, फर्निचरसाठी हौदा वर्षातून चार वेळा लागतो. त्यासाठी साध्या क्रॉसओव्हरला २ इंची रिसीव्हर हिच (मागे ट्रेलर जोडायचा आकडा) लावा आणि ५ बाय ८ चा ट्रेलर भाड्याने घ्या. गाडीच्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा बघा, बहुतेकांची १,५०० ते ३,५०० पौंड. हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. माल मागे ठेवला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. टेक्ससमध्ये विकताना नंबर प्लेट काढून घ्या आणि व्हेइकल ट्रान्सफर नोटिफिकेशन ३० दिवसांत भरा.

शिवारवाट

फास्टॅग आणि विम्याचं कुणी लिहिलं नाही. जुनी गाडी भंगारात द्यायची असेल तर?

आरटीओच्या खिडकीपाशी

ताई, फास्टॅग काचेवरून खरवडून काढा आणि बँकेकडून बंद करून घ्या. नुसता काढला तर खातं चालूच राहतं. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीचा नाही, मालकाचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांपर्यंत नवीन गाडीला लावता येतो. घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला सांगा.

भंगाराला अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवीन मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे गाडी तुटते, पण आरसी जिवंत राहते आणि चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर चढू शकतो. आतले स्पीकर, जॅक, स्टेपनी, ताडपत्री आधी काढून घ्या. केंद्रात भाव वजनाचा मिळतो.

हळदुल्या

काचेवरचा ‘आईचा आशीर्वाद’ निघतो का?

पाना नंबर चौदा

रेडियमचा असेल तर हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून सावकाश ओढा, अख्खा निघतो. रंगाचा असेल तर तो काचेबरोबरच जाणार.