अ‍ॅल्युमिनियमला ‘गंज’ लागतो का?

भाषांतरकार: डायव्हिंग करणाऱ्यांना पाण्याखाली ओढत नेणाऱ्या विजेरी स्कूटरांची कवचे कशाची असावीत, याची तुलना करणारा मजकूर मी सध्या मराठीत आणत आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियम, कार्बन फायबर आणि एबीएस प्लास्टिक अशा तीन कवचांचा विचार केलेला आहे. ‘खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचे कवच गंजते’ हे माझे वाक्य मालवणला डायव्हिंग शिकवणाऱ्या एका परिचिताने सरळ खोडले. गंज लोखंडाचा, त्याचे तांबूस पोपडे सुटतात; अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि बारीक खड्डे पडतात, असे त्याचे म्हणणे आहे. मग लिहावे तरी काय?

शुद्धमती: ‘क्षरण होते’ असे लिहावे. हा शब्द कोणत्याही धातूला चालतो आणि शास्त्रीय लेखनात रूढही आहे.

किनाऱ्यावरून: धक्क्यावर ‘क्षरण’ म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही. तिथे ‘खारे पाणी खाते’ असेच म्हणतात, आणि ते अधिक नेमके आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवलेला असला, तर खाऱ्या पाण्यात स्क्रू शाबूत राहतो आणि त्याच्या भोवतीचे अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्ले जाते. काही काळाने आटे असे जाम होतात की स्क्रू निघता निघत नाही. कार्बन फायबरही वीज वाहून नेत असल्यामुळे, त्याच्या नळीला अ‍ॅल्युमिनियमचे कडे थेट टेकलेले असेल, तर तेही असेच खाल्ले जाते.

शुद्धमती: म्हणजे खाणारे एकटे पाणी नव्हे, दोन वेगळ्या द्रव्यांची जोडी! आपल्याच उदाहरणाने ‘पाणी खाते’ हे अपुरे ठरते.

जुनी भांडी: आपल्याकडे ‘कळकणे’ हे सुरेख क्रियापद असताना उसनवारी कशाला? पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून तर भांड्याला कल्हई करतात. अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोडायझिंग म्हणजे तरी दुसरे काय? त्याला बेलाशक कल्हई म्हणावे.

धातुवेडा: हे मान्य करता येणार नाही. कल्हईत भांड्यावर कथिल, म्हणजे निराळा धातू, चढतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियमचेच ऑक्साइड त्याच्या पृष्ठभागावर जाड केले जाते. कठीण प्रकारातही हा थर बहुधा २५ ते ५० मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे खडकावर घासून तो एकदा फुटला की खड्ड्याची सुरुवात तिथूनच होते. शिवाय कार्बन फायबर आणि प्लास्टिक यांना ‘कळकते’ कसे म्हणणार? कार्बन फायबरचे पदर सुटतात, एबीएस उन्हाने ठिसूळ होते. आपटल्यावर अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो आणि तो दिसतो. कार्बन फायबरचे आतले पदर मात्र वरून काहीही न दिसता सुटलेले असू शकतात. ६० मीटर खोलीवर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सुमारे ६ बारने जास्त असतो, तेव्हा हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही.

भाषांतरकार: ‘पदर सुटणे’ मी घेतले, आभारी आहे. पण मूळ मजकुरात हलकेपणावरून कार्बन फायबरला झुकते माप दिलेले आहे, तेथेही मी अडलो आहे.

धातुवेडा: घनता (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) पाहिली, तर अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि कार्बन फायबरच्या मिश्रद्रव्याची सुमारे १.६ आहे. मात्र स्कूटर पाण्यात बुडूही नये आणि वर उसळूही नये अशीच तोलावी लागते. आकारमान तेवढेच ठेवून कवच हलके केले, तर कमी झालेले वजन शिसे घालून किंवा मोठी बॅटरी बसवून भरून काढावे लागते. शिसे घातले, तर ती उचलून होडीपर्यंत नेतानाचा फायदाही गेला. म्हणून ‘हलके’ असे मोघम न लिहिता ‘कवच हलके’ असे लिहावे.

वऱ्हाडकर: मला पहिल्या वाक्यापासूनच हसू आवरत नाही. आमच्या विदर्भात ‘गंज’ म्हणजे भांडे, आणि अ‍ॅल्युमिनियमला ‘जर्मन’ म्हणतात. ‘जर्मनचा गंज’ आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरात होता, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचा आणि गंजाचा संबंध नाही असे आम्हांला कोणी सांगू नये.

शुद्धमती: ‘जर्मन’ हा शब्द ‘जर्मन सिल्व्हर’वरून आला असावा असा माझा तर्क आहे. त्या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदीही नसते आणि अ‍ॅल्युमिनियमही नसते.

जुनी भांडी: तांबे असते ना? मग तो कळकणारच!