नॉर्वेजियनची बी१ परीक्षा: नोकरी सांभाळून तयारी कशी करावी?

प्रश्न:
नमस्कार. मी ४२ वर्षांची असून आठ वर्षांपासून ऑस्लोमध्ये राहते. नागरिकत्वाच्या अर्जासाठी मला नॉर्वेजियनच्या परीक्षेत तोंडी भागात बी१ (म्हणजे मध्यम) पातळी मिळवायची आहे. वाचन बऱ्यापैकी जमते, परंतु बोलताना वाक्य अर्ध्यावरच अडते. तयारी कशी करावी?

उत्तर १:
वाचन, श्रवण, लेखन आणि तोंडी या चारही भागांचे निकाल स्वतंत्र लागतात, त्यामुळे आपण आपला बहुतेक वेळ बोलण्याला द्यावा. नागरिकत्वासाठीची तोंडी भागाची अट १ ऑक्टोबर २०२२ पासून ए२ या खालच्या पातळीवरून बी१ वर गेली. तोंडी परीक्षेत सहसा दोन उमेदवार एकमेकांशी चर्चा करतात, म्हणून पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा मत मांडणे, त्याचे कारण सांगणे आणि समोरच्याला विचारणे यांचा सराव जोडीदार शोधून करावा.

उत्तर २:
वाक्य अडण्याचे कारण बहुधा क्रियापदाची जागा हे असावे. मुख्य विधानवाक्यात ते दुसऱ्या स्थानी येते. ‘उद्या’ने सुरुवात केली की ‘उद्या जातो मी’ असाच क्रम लागतो. हा क्रम मी रोज मोठ्याने म्हणून अंगवळणी पाडला. उच्चारात मात्र मराठी भाषकांना मोठी सोय आहे, कारण मूल या अर्थाचा ‘बार्न’ हा शब्द ऑस्लोत जवळजवळ आपल्या ‘बाण’सारखा उच्चारला जातो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. सहकाऱ्यांशी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी बोलणे मी उद्यापासून थांबवते.