वीसची मर्यादा आमच्या टेबलवरून काढावी का?

फोंड्याचा ऑर्क:
मंडळी, गेल्या रविवारी आमच्या बाल्कांवात (ओसरीवर) पावसापेक्षा आमचाच गडगडाट जास्त झाला. आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा काल्पनिक साहसांचा खेळ, त्याची पाचवी आवृत्ती खेळतो, 2014 चे नियम. त्यात पात्राचा ताकदीसारखा कुठलाही गुण सहसा 20 च्या पुढे वाढवता येत नाही, भांडण त्याच मर्यादेवरून. माझा हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क) वंशाचा फायटर, म्हणजे लढवय्या: स्ट्रेंथ (ताकद) 15, वंशाचे 2, चौथ्या लेव्हलला 2, सहाव्याला 1. झाले 20, आणि दाराला कुलूप. विसाव्या लेव्हलपर्यंत अजून पाच वेळा वाढ मिळेल, पण स्ट्रेंथला त्यातलं काहीच लावता येणार नाही. समोर हिल जायंट हा राक्षस, अकलेने निव्वळ ठोंब्या, त्याला मात्र 21! राक्षसांना 30 पर्यंत मोकळं रान आणि नायकाला वेसण? माझं मत, मर्यादा काढा. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती नव्हतीच. तेव्हा काय आभाळ कोसळलं?

म्हापशेकर:
कोसळलं होतं, मी तेव्हाही डीएम (खेळ चालवणारा) होतो. (आणि हो, रविवारी याचं भांडण झालं ते माझ्याशीच.)

आपल्याकडे गोव्यात दिवाळीला नरकासुराच्या पुतळ्याचं काय होतं बघ. एका वाड्याने उंच केला की शेजारचा वाडा त्याहून उंच करतो. शेवटी एक पोरगा बांबू घेऊन पुढे चालतो, विजेच्या तारा वर उचलायला. तिसऱ्या आवृत्तीत मी तो बांबूवाला होतो. खेळाडूंचे आकडे वाढले की राक्षसांचे वाढवायचे, परत खेळाडूंचे.

आता हिशेब कर. तुझ्या पाचही वाढी स्ट्रेंथला लावल्या तर होतात बरोबर 30, म्हणजे मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) 10. वर विसाव्या लेव्हलच्या प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) 6. एन्शंट रेड ड्रॅगनचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायची बेरीज) 22, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 6 पडले तरी तुझा वार लागणार. 20 स्ट्रेंथला 11 लागतात, निम्मी शक्यता. त्या निम्म्यातच मजा आहे रे! आणि आकडे फुगले नाहीत म्हणूनच लहानसा गोब्लिनही शेवटपर्यंत कामाचा राहतो. तुझ्या प्लेट चिलखताचा आर्मर क्लास 18, गोब्लिनचे वरचे 4 धरून फाशावर 14 पडले की बाण लागला. वीस गोब्लिनांनी एकदम बाण सोडले तर सरासरी सात लागतात, मग तू कितव्याही लेव्हलला अस.

आबोली मडगाव:
मर्यादांविषयी एवढं बोलताय तर या खेळाचं 1978 चं नियमपुस्तक, प्लेयर्स हँडबुक, उघडा. तिथे फायटरला 18 च्या पुढे शंभरातले आकडे मिळायचे. मानव पुरुषाला 18/00 (म्हणजे पूर्ण शंभर) पर्यंत, मानव बाईला 18/50 लाच थांबा. ड्रॅगन आग ओकतो ते पटतं, पण ताकदवान बाई पटत नाही! 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रकार गेला. वीसची मर्यादा बाई, पुरुष, एल्फ, ऑर्क सगळ्यांना सारखीच, म्हणून माझं मत तिला. ऑर्कबाबाने उरलेल्या वाढी कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणाला) लावाव्यात, नाहीतर फीट (खास कौशल्यं) घ्यावेत. एकाच आकड्यावर जीव का टांगायचा?

फोंड्याचा ऑर्क:
आबोलीताई, 1978 चं मान्य, ते लाजिरवाणंच. पण म्हापशेकरकाका, बार्बेरियन या क्लासला (पात्राच्या पेशाला) विसाव्या लेव्हलला स्ट्रेंथ 24 चालते. मग तुमचा तो बांबू कुठे जातो?

म्हापशेकर:
त्याची किंमत बघ की. वीसच्या वीस लेव्हल बार्बेरियन म्हणूनच काढायच्या, मध्ये दुसरा क्लास घेतला की ते हातचं गेलं. मॅन्युअल ऑफ गेनफुल एक्सरसाइज या जादूच्या पुस्तकाचंही तसंच. सहा दिवसांच्या आत 48 तास त्या पुस्तकात घालवायचे, मग स्ट्रेंथ 2 ने वाढते आणि तिची मर्यादाही 2 ने. नंतर शंभर वर्षं ते पुस्तक नुसती रद्दी. कमावून मर्यादा ओलांडलीस तर मी टाळ्या वाजवेन. नियमच खोडून मागतोस, तिथे माझं डोकं फिरतं.

पेडण्याचा पाहुणा:
2024 च्या नियमांत एकोणिसाव्या लेव्हलला एपिक बून हे वरदान आहे. त्यात मर्यादा 30 ची, पण वाढ फक्त एका गुणाची. आम्ही त्यावर महिनाभर भांडलो. आमचं टेबल सात वर्षांत अकराव्या लेव्हलच्या पुढे गेलेलं नाही. पावसात वीज जाते, चवथीला दोन महिने खेळ बंद, मग कोणाचं तरी लग्न.

फोंड्याचा ऑर्क:
😂 आम्ही आठव्यावर आहोत. काका, ते मॅन्युअल आपल्या मोहिमेत कुठे आहे?

म्हापशेकर:
हिल जायंटच्या गुहेत, त्याच्या उशाखाली. त्याला वाचता येत नाही. रविवारी चारला ये, पदेराकडून (पाववाल्याकडून) पोई घेऊन.