गावभागातल्या वाड्यातून लोखंडी कपाटं, गाद्या, फ्रीज उतरवायचेत. माणसांना इजा होऊ नये म्हणून काय करावं?

जिनाउतार_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीच्या गावभागातला दुमजली वाडा रिकामा करायचं काम आहे. वरच्या मजल्यावर आरशाची दोन लोखंडी कपाटं (७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल), पेटीचा दिवाण आणि एक फ्रीज. तळमजल्यावरची खोली २०२१ च्या पुरानंतर उघडलेलीच नाही. तिच्यात कापसाच्या चार गाद्या, सोफा आणि इन्व्हर्टरची बॅटरी. जिना लाकडी, आतून ३३ इंच, मध्ये चार बाय चार फुटांचा चौक, तिथं काटकोनात वळण. माणसं चार, गाडी छोटा हत्ती. पोरांना कमरेचे पट्टे घेऊन द्यायचे आहेत. आणखी काय लागेल, आणि कपाट कोणत्या पद्धतीनं उतरवायचं?

दोर_आणि_पहार
दादा, पट्ट्यांचे पैसे आधी बुटांवर घाला. कमरेच्या पट्ट्यानं इजा टळते याला पुरावा नाही, अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं तेच सांगितलंय. उलट पट्टा बांधला की माणूस जास्त उचलायला धजतो. या कामात बोटं चिरडतात ती चपलेतली. पुढं लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट आणि तळव्याला नायट्राइल रबराचा थर असलेले हातमोजे चौघांनाही हवेत. गाडीवाला माल धरणार असेल तर त्यालाही.

आता वजन. असं कपाट रिकामं ७० ते ९० किलो भरतं. ब्रिटनचं सुरक्षा खातं, एचएसई, पुरुषासाठी अंगाजवळ कमरेच्या उंचीवर २५ किलो धरतं, हात लांब करून १५. दोघं मिळून उचलताना बेरजेचा दोन-तृतीयांश धरायचा, तिघांत निम्मा. म्हणजे दोघांना ३३, तिघांना ३७ किलो. ८० किलोसाठी जितकी माणसं लागतील तितकी ३३ इंचात उभीच राहणार नाहीत. म्हणून कपाट उचलायचंच नाही, घसरवायचं.

आतले कप्पे काढा. आरशावर चिकटपट्टीची फुली मारून वर गोणपाट बांधा. दारं कुलूप लावून सोडू नका, दोराचे दोन वेढे द्या. हादऱ्यानं खटका सुटतो, दार उघडतं आणि तोल एका बाजूला जातो. ३६ इंचांची बाजू जिन्यात मावणार नाही, तेव्हा कपाट कुशीवर आडवं करा. पायऱ्यांवर दोन जाड फळ्या टाका, त्यांची वरची टोकं बांधा. १६ मिलिमीटरचा न झिजलेला नायलॉन दोर कपाटाच्या अंगाभोवती बांधायचा, मुठीला कधीच नाही. दुसरं टोक वरच्या मजल्यावरच्या भक्कम खांबाला दोन वेढे देऊन एकानं धरायचं. वेढ्यांच्या घर्षणानं भार खांबावर जातो, माणसाला फक्त हात हात दोर सोडायचा असतो. जिन्याच्या कठड्याला दोर लावू नका, जुन्या वाड्यात तो निखळतो.

कपाट सरकत असताना खाली कुणी नको. ही एकच गोष्ट पाळली तरी निम्मं काम झालं. हुकूम एकाच्याच तोंडी: "सोड" आणि "थांब". बाकीच्यांनी गप्प राहायचं.

आदल्या दिवशी पायरीन् पायरी पहारीच्या टोकानं दाबून बघा. वाळवी मधूनच खाते, वरून फळी साबूत दिसते. चढता-उतरता पाय भिंतीकडच्या कडेला ठेवा.

आणि चौकाची उंची मोजा. वळवायला कपाट तिथं उभं करावं लागेल. कुशीवरून उभं करताना ७८ बाय ३६ चा कर्ण फिरतो, तो ८६ इंच. उभं झाल्यावर जागेवर फिरवायला ४१ इंच लागतात, तेवढे तुमच्या चौकात आहेत.

कृष्णाकाठ४१६
मला त्या बंद खोलीची जास्त काळजी वाटते. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास कुणी आत जायचं नाही. मग टॉर्चच्या उजेडात, हातात काठी घेऊन एकानंच. गादीखाली, सोफ्याच्या पोटात, भिंतीच्या फटीत विंचू, घोणस, मण्यार काहीही असू शकतं. गादीची कड काठीनं उचलायची, बोटं खाली घालायची नाहीत.

सुकलेला गाळ आणि बुरशी ही दुसरी बाब. गादी आपटली की खोली धुरकट होते. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ मास्क लागतो, आणि तो दाढीवर नीट बसत नाही. आधी फवाऱ्यानं हलकं पाणी मारा. चिंब करू नका, कापूस पाणी पितो आणि दोघांची गादी चौघांना हलत नाही. गादी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून बांधा. फाटकी असेल तर कापूस पोत्यात भरा, पण पोतं २० किलोच्या वर नको. कापताना पातं नेहमी अंगापासून बाहेर.

लेप्टोचे, म्हणजे उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाचे, जंतू कोरड्यात तग धरत नाहीत, पण खोलीत आत्ता उंदीर असतील तर त्यांचं मूत ताजं असतं. हातापायाला चीर असेल तर झाकूनच काम. पुराचं पाणी ओसरल्याबरोबर काम निघालं तर गोष्ट वेगळी: त्या वेळी डॉक्टरांना विचारून या तापावरचं प्रतिजैविक, डॉक्सीसायक्लिन, सुरू करतात. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं झालंय का, हे आजच विचारा. मळकी जखम असेल आणि आधीच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं.

फरशी धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेततो.

साप चावलाच तर चीर पाडू नका, आवळून बांधू नका. हात-पाय न हलवता थेट सिव्हिलला.

जुनीबॅटरी
बॅटरी ५०-६० किलोची असते आणि आडवी झाली की ॲसिड सांडतं. हातातली अंगठी-कडं काढा, आधी ऋण टोक सोडा, मग धन. उभीच ठेवून हातट्रॉलीवर बांधा. सांडलेल्या ॲसिडवर टाकायला खाण्याचा सोडा आणि स्वच्छ पाण्याचा कॅन जवळ हवा. डोळ्यात उडालं तर १५-२० मिनिटं पाणी ओतत राहायचं, मग दवाखाना.

फ्रीजची नळी तोडू देऊ नका. तांब्यासाठी भंगारवाले जागेवरच कापतात. नव्या फ्रीजमध्ये थंडाव्यासाठी आर-६०० ए वायू असतो, तो पेट घेतो. फ्रीज गल्लीत थोडा वेळ जरी ठेवायचा असला तरी दार काढून ठेवा. लहान मूल आत शिरलं आणि दार लागलं तर आतून उघडत नाही. फ्रीज २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतो, तेव्हा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्या. बॅटरी विक्रेत्याकडे परत.

गाडीत कपाटं केबिनला टेकवून खाली, हलकं वर. मालावर माणूस बसवू नका. गावभागाच्या गल्ल्यांत विजेच्या तारा खाली लोंबतात.

जिनाउतार_सांगली
मोजलं. चौकापासून वरच्या तुळईपर्यंत ८४ इंच भरतात. म्हणजे ८६ चं कपाट अडकणार? कपाटाचे पाय ४ इंचांचे आहेत, नटबोल्टवर बसवलेले.

दोर_आणि_पहार
मग पाय काढा. ७४ बाय ३६ चा कर्ण ८२ आणि थोडा, दीडेक इंच मोकळे राहतात. नट गंजले असतील तर आज रात्री तेल सोडून ठेवा, सकाळी पान्यानं सुटतील. ग्राइंडर वर लावू नका. लाकडी वाडा आहे आणि खालच्या खोलीत कापूस पडलाय.