मदत हवी आहे: कोंबड्यांच्या तुऱ्यावर फोड आलेत

नमस्कार मंडळी. मी गुहागरजवळ राहतो. परसात अकरा गावठी कोंबड्या, दोन कोंबडे. गेल्या वर्षी मानमोडीने (राणीखेत रोगाने) खुराडं रिकामं केलं होतं, म्हणून यंदा पिल्लांना सातव्या दिवशी त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घातला, पुढे आठव्या आठवड्यात दुसरी लसही टोचली. मे महिन्यात खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं! दोन मुंगसाने नेली, पण ते चालायचंच.

आता पावसात नवीनच भानगड. तीन तलंगांच्या (तरण्या कोंबड्यांच्या) तुऱ्यावर आणि डोळ्यांच्या कडेला मसुराएवढे फोड आलेत, वर काळपट खपली. एकीचा डावा डोळा पार चिकटलाय, कणीसुद्धा चाचपडत टिपते. शेजारच्या काकी म्हणतात, देवी आहेत, हळद-खोबरेल लाव. लावतोय. त्या तिघींना मांगरात वेगळं डालग्याखाली ठेवलंय. डास फार, म्हणून संध्याकाळी नारळाची सोडणं पेटवून निगडीच्या (निर्गुडीच्या) पाल्याची धुरी देतो. त्याने डासांपेक्षा आईच जास्त खोकते.

विचारायचं हे की बाकीच्या धडधाकट दिसतायत, त्यांना देवीची लस आत्ता टोचून उपयोग होईल का? आणि चिकटलेला डोळा मिठाच्या कोमट पाण्याने पुसला तर चालेल ना? खपली मी ओढलेली नाही. गुरांचे डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नाहीत. कुणी यातून कोंबडी वाचवली असेल तर नक्की काय केलंत ते सांगा.