बॅलार्ड पिअरला बोट, हातात एक दिवस: पाहुण्यांना काय दाखवू?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत माझ्या वन्सं आणि त्यांचे यजमान क्रूझने येताहेत. बोट दुबईहून निघते, मुंबईला एक दिवस थांबते आणि पुढे कोचीनला जाते. दोघं अमेरिकेत असतात, ओसीआय आहेत (मूळ भारतीय, आता तिकडचे नागरिक). बरोबर त्यांचे व्याही-विहीण, अस्सल अमेरिकन, सत्तरीचे, भारतात पहिल्यांदाच. विहीणबाईंचा एक गुडघा बदललेला आहे. चालतात छान, पण जिने नको म्हणतात.

वार मंगळवार. बोट सकाळी ८ ला लागणार, संध्याकाळी ६ ला सुटणार. बोटवाल्यांनी सहलींची यादी पाठवली आहे: घारापुरी (अर्धा दिवस), बसमधून शहरदर्शन, लोकल-डबेवाले-धोबीघाट, आणि धारावीत पायी फेरी. सगळ्या माणशी शंभर डॉलरच्या आसपास. आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढे पैसे कशाला? आपण गाडी करू, गेटवे-बिटवे दाखवू आणि जेवायला घरी मुलुंडला आणू. सासूबाईंनी पुरणपोळीचा बेत जाहीरही केला आहे.

बोटीची सहल घ्यावी की आपली आपण करावी? घ्यायची तर कुठली? आगाऊ धन्यवाद.

वडाची साल
मुलुंड???
ताई, ६ ला बोट सुटणार आणि तुम्ही ४ ला ईस्टर्न फ्री-वेवर असणार. पाहुण्यांना मग विमानानेच कोचीनला पाठवा.

सोनटक्का
अहो, तेच मी घरी सांगतेय. पण सासूबाईंना कोण सांगणार? लेक चार वर्षांनी येतेय.

गोदीवाला
मी गोदीत एकतीस वर्षं काढली, शेवटची काही बॅलार्ड पिअरलाच. सहल कुठली ते मागाहून बघू, आधी वेळेचा हिशोब करा.

आठला बोट लागते म्हणजे आठला माणसं बाहेर येत नाहीत. दुबईहून आलेल्या बोटीचं भारतातलं हे पहिलं बंदर, म्हणजे प्रत्येक उतारूचं इमिग्रेशन इथे. हजार-दोन हजार माणसं रांगेत. त्यात बोटवाले आपल्या सहलींचे गट आधी सोडतात, स्वतःचे स्वतः फिरणारे मागून. हे लोक साडेनऊच्या आत फाटकाबाहेर दिसले तर नशीब समजा. संध्याकाळचंही तसंच. ६ ला सुटणार याचा अर्थ उतारूंनी ५ किंवा साडेपाचला चढलेलं असायला हवं. नेमकी वेळ त्यांना बोटीवर लेखी मिळेल, ती विचारून घ्या. त्याच्या आधी तासभर फाटकाशी या. म्हणजे दहा तासांतले तुमच्या हाती साडेसहा उरले.

दुसरं, घड्याळ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. बोटीवरचं घड्याळ आदल्या रात्री पुढे केलंय का, हे वन्संना आठवणीने बघायला सांगा. फोन आपोआप मुंबईची वेळ दाखवतो आणि माणूस बोटीच्या वेळेने चालतो, किंवा उलट. यापायी धक्क्यावर पळत येणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

तिसरं, बोटीची सहल अडकली, लाँच बंद पडली, मोर्चा आला, तरी बोट तिच्यासाठी थांबते. तुमच्या गाडीसाठी थांबणार नाही. शंभर डॉलर त्याचे असतात.

आणि हो, व्याह्यांचा व्हिसा झालाय ना? एका दिवसासाठी खाली उतरायचं असलं तरी तो लागतो. ई-व्हिसा मुंबई बंदरात चालतो.

सोनटक्का
गोदीवाले काका, खूप आभार. व्हिसा झालाय. आम्ही आत धक्क्यापर्यंत घ्यायला येऊ शकतो का?

गोदीवाला
नाही. पासाशिवाय आत सोडत नाहीत. फाटकाबाहेर थांबा. कुठल्या फाटकाने बाहेर सोडताहेत ते आदल्या दिवशी त्यांनी बोटीवर विचारून तुम्हाला कळवावं. आणि टॅक्सीवाल्याला 'बोट', 'क्रूझ' असलं काही सांगू नका, नुसतं बॅलार्ड पिअर म्हणा.

शिळाधार
मी घारापुरीला पाठवा म्हणेन, आणि तेही बोटीच्याच सहलीने. मंगळवार आहे हे बरं, सोमवारी लेणी बंद असतात.

मुंबईत गोथिक इमारती आहेत, मान्य. पण या मंडळींनी तसं लंडनात पाहिलेलं असणार. सदाशिव कुठे पाहणार? मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरलं की आधी काही दिसत नाही, नुसता गारवा आणि खांब. डोळे सरावले की समोरच्या अंधारातून तो वीस फुटी त्रिमुख चेहरा हळूहळू वर येतो. डावीकडचा अघोर, मिशा, हातात साप. उजवीकडचा वामदेव, स्त्रीसारखा, हातात कमळ. मधला डोळे मिटून शांत. मी पंधरा-वीस वेळा गेलो असेन, दर वेळी तिथे पाच मिनिटं बोलायला होत नाही. बाजूचा गंगाधर आणि अर्धनारीश्वर सोडू नका. पोर्तुगीजांच्या काळात मूर्तींची फार नासधूस झाली, तरी जे उरलं आहे तेवढ्यावर १९८७ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसला.

अवांतर: एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडलं तो बेटावर नाहीच. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायला गेले, उचलताना तुकडे झाले. ते सांधून आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा केलाय.

तिकीट परदेशी माणसाला ६००, आपल्याला ४०. ओसीआयवाल्यांना भारतीयांचा दर लागतो, कार्ड जवळ हवं.

मुक्ता_ठाणे
शिळाधार, सगळं खरं, पण गुडघ्याचं काय? लाँचमधून धक्क्यावर पाय टाकताना लाँच वरखाली होत असते. पुढे लांबलचक जेट्टी (खेळण्यातली गाडी आहे, पण तिचीही वाट बघावी लागते), मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळी ताडपत्री, खाली उकाडा, आणि माकडं. माझ्या मावशीच्या हातातलं मक्याचं कणीस माकडाने असं काढून घेतलं की तिला रिकामी मूठ नंतर कळली. डोलीवाले असतात, पण खुर्चीत बसून चौघांच्या खांद्यावर जायला परदेशी बाई तयार होतील असं वाटत नाही. माझी मावशीही झाली नव्हती.

जाता-येता लाँचचे दोन तास, वर दीड तास, चढ-उतार धरून साडेचार-पाच होतात. म्हणजे दिवस संपला. जे जातील त्यांना लाईफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर ठेवायला सांगा. डिसेंबर २०२४ चा नेव्हीच्या बोटीच्या धडकेचा अपघात कोणी विसरलेलं नाही.

वडाची साल
+१. उकडतं म्हणून जॅकेट काढून मांडीवर घेणारे आमच्याच घरात आहेत.

हातगाडी
धारावीबद्दल. मी तिथे बॅगांच्या कारखान्यात असतो. गाईडबरोबर येणाऱ्यांना फोटो काढू नका असं आधी सांगितलेलं असतं आणि बहुतेक जण ऐकतात. लोक समजतात तसं आम्हाला कोणी जनावरासारखं बघत नाही. प्लास्टिक कसं निवडतात, चामडं कसं कापतात, कुंभारवाड्यात भट्टी कशी लावतात, याच्यावर चांगले प्रश्न विचारतात. पण वीस जणांचा घोळका चार फुटांच्या गल्लीत शिरला की माझा माल अर्धा तास मागे अडकतो. चार-सहा जण या. गटाने नको. आणि गुडघेवाल्या बाईंना तर नकोच, गटारावरच्या लाद्या हलतात.

सोनटक्का
हे कोणीतरी आतून सांगायला हवं होतं. धारावी यादीतून काढली.

फोर्टातली_फाईल
माझं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. बोटी लागतात त्या दिवशी आमच्या रस्त्यावर हॅट घातलेली माणसं नकाशा उलटा-सुलटा करत उभी असतात, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. एवढं मोठं गाव फाटकाच्या दाराशी असताना माणसं एसी बसमध्ये बसून मलबार हिलला का जातात, मला कळत नाही. बसची ती सहल अजिबात घेऊ नका. पाच तासांतले तीन काचेतून.

मी असते तर हे केलं असतं. फाटकापासून टॅक्सीने हॉर्निमन सर्कल. टाऊन हॉलच्या पायऱ्या (तीस आहेत, मोजल्यात) खालूनच बघायच्या. समोर सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ चं. आत भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला आहेत, नीट वाचल्या तर कळतं की इथे आलेले साहेब किती लहान वयात जायचे. कोणी तापाने, कोणी समुद्रात. 'चर्चगेट'मधलं चर्च हेच, गेट म्हणजे किल्ल्याचं दार. हे सांगितलं की पाहुणे खूश होतात, आणि खरं सांगायचं तर निम्म्या मुंबईकरांनाही माहीत नसतं.

तिथून हुतात्मा चौक. पाहुण्यांना फ्लोरा फाउंटन दाखवा आणि वन्संच्या यजमानांनी संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट सांगावी. ते काम बोटीवरचा गाईड करणार नाही. मग टॅक्सीने चर्चगेट स्टेशनच्या बाहेर, अकरा ते पावणेबाराच्या दरम्यान. डबेवाले फुटपाथवरच डबे निवडतात. दहा मिनिटं बाजूला उभं राहिलं की पुरे, त्यांच्या वाटेत मात्र येऊ नका. यासाठी शंभर डॉलर?

मग ओव्हल मैदान. एका बाजूला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट. पाठ फिरवली की आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकातल्या शैलीच्या, इमारतींची रांग. दोन शतकं समोरासमोर, मधे क्रिकेट. २०१८ पासून हे सगळं मिळून जागतिक वारसा आहे. दुपारी उन्हाच्या वेळी वस्तुसंग्रहालय (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स). लघुचित्रं चुकवू नका. शेवटी गेटवे, तिथून फाटक टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं.

जेवायला बॅलार्ड इस्टेटमध्येच ब्रिटानिया आहे, १९२३ पासूनचं, दुपारचं. बेरी पुलाव घ्या, तिखट नसतो. वडापाव द्यायचा असेल तर सीएसएमटीसमोर 'आराम' नावाचं हॉटेल आहे.

वडाची साल
ससून डॉक राहिलं की! पहाटेचा मासळीचा लिलाव म्हणजे मुंबई.

फोर्टातली_फाईल
पहाटेचा, साहेब. यांची बोट तेव्हा समुद्रातच असेल. दहाला जाऊन नुसता वास मिळेल.

शिळाधार
हे चालणं उत्तम आहे, मागे घेतो. पण चौघांनी एकच करायला हवं असं कुठे आहे? ज्यांचे गुडघे धड आहेत ते बोटीच्या सहलीने घारापुरीला जातील, बायका फोर्टात.

सोनटक्का
हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! आज रात्री फोन करते.
मुलुंडचं काय करू ते मात्र सांगा कोणीतरी.

गोदीवाला
मुलुंड बॅलार्ड पिअरला आणा. पुरणपोळी डब्यात येते, सासूबाई टॅक्सीत. मात्र घरचं अन्न बोटीवर नेऊ देतील या भरवशावर राहू नका, बाहेरच संपवा.

*(तीन आठवड्यांनी)*

सोनटक्का
मंडळी, झालं एकदाचं. थोडक्यात सांगते म्हणते, पण जमेलसं वाटत नाही.

आम्हीच उशिरा पोचलो. काकांनी बजावूनही यांनी टॅक्सीवाल्याला 'क्रूझ टर्मिनल' सांगितलं आणि त्याने थेट भाऊच्या धक्क्याला नेलं. समोर रेवस-मोऱ्याच्या लाँचेस, मासळीच्या टोपल्या, सासूबाई मांडीवर डबा घेऊन, आणि हे फोनवर वन्संना 'अगं, तू दिसत कशी नाहीस!' सुदैवाने तिकडेही रांग लांबली होती. त्या पावणेदहाला बाहेर आल्या, आम्ही दहाला.

व्याही आणि वन्संचे यजमान बोटीच्या सहलीने घारापुरीला गेले. परतताना लाँच उशिरा सुटली, पण सहल बोटीचीच असल्यामुळे कोणाच्या जिवाला घोर नाही. व्याही सदाशिवाबद्दल अजून बोलताहेत म्हणे. शिळाधार, तुमचं पोचलं.

आम्ही बायकांनी फोर्ट केला. कॅथीड्रलमध्ये विहीणबाईंनी एकेक शिला वाचली, आम्ही वाट बघून दमलो. डबेवाले बघायला पावणेबारा वाजले, तरी शेवटची खेप मिळाली. ब्रिटानियाला गेलोच नाही. ओव्हलच्या कडेला सावलीत बसून पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप छोट्या बाटलीतून. समोर एकाच वेळी चार-पाच सामने चाललेले. एकाचा फील्डर दुसऱ्याच्या बॉलरला पाठ लावून उभा. विहीणबाईंनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, यातला आपला सामना कुठला? सासूबाईंना इंग्रजी येत नाही, तरी त्यांनी बोट करून एक ठरवून दिला. मग दोघी तास-दीड तास तोच बघत बसल्या. वस्तुसंग्रहालय राहिलं, गेटवे टॅक्सीतूनच झाला.

सव्वाचारला फाटकाशी होतो. चार पोळ्या उरल्या होत्या, त्या टॅक्सीवाल्याला दिल्या. हा दुसरा, सकाळचा नव्हे.

माहीमची_खाडी
धागा वाचून काढला. आमचे साडू पुढच्या महिन्यात असेच येताहेत, बोट सोमवारी. मग घारापुरी?

शिळाधार
बंद. सोमवार असेल तर कान्हेरीची लेणीही बंद, आणि बोरिवली तशीही लांब पडते. वरचं फोर्टातली_फाईल यांचं चालणं करा.

फोर्टातली_फाईल
आणि वस्तुसंग्रहालय आधी करा, ओव्हल शेवटी. तिथे एकदा बसलं की कोणी उठत नाही.