'रिलेटिव्ह डिप्रायव्हेशन'ला मराठीत काय म्हणाल? (हेवा सोडून)

शाईचा_डाग: विषमता आणि आरोग्य यावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि तीन दिवस या एका शब्दापाशी अडकलेय. 'सापेक्ष वंचितता' लिहिलं तर आई वाचून म्हणाली, म्हणजे हेवाच ना गं? तेच तर नकोय. मूळ उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांचं, १९४९ साली छापलेलं. हवाई दलात बढत्या भराभर मिळायच्या तरी बढतीबद्दल कुरकुर तिथेच जास्त, लष्करी पोलिसांत बढती क्वचित, तिथे कमी. आजूबाजूच्या सगळ्यांना मिळतंय आणि मलाच नाही हे जास्त लागतं. याला हेवा म्हटलं की सगळा दोष त्या माणसाच्या मनावर जातो.

जुनी_वही: वंचित म्हणजे मुळात फसवला गेलेला. आत्मवंचना आठवा. कुणीतरी फसवलंय हे शब्दातच आहे, मग दोष त्याच्यावर कसा जाईल? ठेवा तोच, वापरला की रुळेल.

चालता_बोलता: नाही रुळत हो, वर्षानुवर्षं छापताहेत, बोलतं कुणी? 'कमीपणा' म्हणा. शाळेत सहलीचे पैसे न भरलेल्यांची नावं फळ्यावर लिहायचे आणि माझं नाव आठवडाभर तिथे असायचं. सहलीला जाणाऱ्यांचा हेवा मला कधीच वाटला नाही, मला जायचंच नव्हतं, फक्त ते नाव कुणीतरी पुसावं एवढंच वाटायचं.

शाईचा_डाग: हे वाचून गलबलून आलं. पण लेखात पुढे शरीराचंही आहे. ब्रिटिश सरकारी नोकरांची १९६७ ला सुरू झालेली पाहणी, सगळे नोकरीवाले, उपाशी कुणी नाही, तरी सगळ्यात खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या तिपटीहून जास्त. सिगारेट, रक्तदाब सगळं हिशेबात धरलं तरी फरक पूर्ण जात नाही. आणि मधलेही वरच्यांपेक्षा वाईट. इथे 'श्रेणी' अगदीच कोरडं वाटतंय.

उंबरठा: पायरी! 'पायरी ओळखून वाग' यात सगळं आलं. नाहीतर सरळ औकात.

जुनी_वही: औकात हिंदीतून आलेला शब्द, मराठीत कशाला? दर्जा म्हणा.

उंबरठा: दर्जा तरी कुठला मराठी, तोही अरबीच. आणि त्याचा मूळ अर्थ पायरीच होतो! औकात तर 'वक्त'चं अनेकवचन, म्हणजे वेळा. वेळेवरून माणसाची किंमत कशी झाली ते शोधायला हवं, मला वाटतं ज्याची जशी वेळ तशी त्याची हैसियत, असं काहीतरी असणार.

जुनी_वही: हा तुमचा अंदाज झाला. शब्द रुळला म्हणून लेखात घ्यायचा का? उद्या 'स्टेटस'ही घ्याल.

उंबरठा: घेतलाच आहे सगळ्यांनी.

चालता_बोलता: औकात आणि ऐपत यांत फरक आहे बरं का. 'माझी ऐपत नाही' असं आपण स्वतः म्हणतो आणि पगार वाढला की ती वाढते पण. औकात मला नेहमी समोरच्याने सांगितलीय.

जुनी_वही: ऐपतचा उगम कुणाला माहीत आहे का?